कागदावरचा मालक

चेन्नई शहरात, बंदरापासून जवळच, उच्च न्यायालयाची तांबड्या विटांची भव्य इमारत उभी आहे. १८९२ साली ती खुली झाली. पुढे दोन वर्षांनी तिच्या सर्वांत उंच घुमटावर दीपगृह बसविण्यात आले आणि १९७७ पर्यंत ते समुद्रावरील जहाजांना वाट दाखवीत राहिले. त्याच परिसरात लघुवाद न्यायालय भरते. चेन्नईतील मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकण्याचे काम या न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे आहे. या दाव्यांच्या कामकाजात अर्जदार म्हणून येणारी माणसे बहुधा एकाच प्रकारची असतात. कोणाचा कर्ता पुरुष गेलेला असतो, कोणाचा पाय गेलेला असतो, तर कोणा आईबापांचे एकुलते मूल गेलेले असते. समोरच्या बाजूला मात्र नाना तऱ्हेची माणसे असतात. त्यांत गाडी चालविणारा असतो, विमा कंपनीचा वकील असतो, आणि कधी कधी एक असाही गृहस्थ असतो की, ज्याने ती गाडी कित्येक महिन्यांपूर्वी विकून टाकलेली आहे, अपघाताच्या दिवशी जो घरात स्वस्थ बसलेला होता, आणि आपल्याला येथे का बोलावले आहे हेच ज्याला समजलेले नाही.

या गृहस्थाची हकीकत कल्पनेने नीट पाहावी, कारण अशी माणसे एकट्या चेन्नईत नव्हेत, पुण्यात, नागपुरात, इंदुरात आणि बेळगावातही आहेत. समजा, मैलापूरच्या एका निवृत्त कारकुनाने आपली जुनी स्कूटर पंधरा हजार रुपयांना विकली. घेणाऱ्याने रोख पैसे दिले. दोघांनी मुद्रांकाच्या कागदावर सह्या केल्या. विकणाऱ्याने किल्ली दिली, नोंदणीचे पुस्तक दिले, नाव बदलण्याच्या कोऱ्या अर्जांवर सह्याही करून दिल्या. 'बाकीचे मी पाहतो,' असे घेणारा म्हणाला. त्याने काहीच पाहिले नाही. सहा महिने वापरून त्याने ती स्कूटर पुदुपेट्टैच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला दिली. विम्याची मुदत मध्येच संपली. ती कोणी वाढविली नाही. आणि एके रात्री त्या तिसऱ्याने कात्तिपाराच्या चौकापाशी रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण सुताराला उडविले. सुतार दगावला. पोलिसांनी गाडीचा क्रमांक लिहून घेतला, परिवहन कार्यालयाची नोंद पाहिली, आणि त्या नोंदीत नाव निघाले ते मैलापूरच्या कारकुनाचे.

आता प्रश्न असा की, सुताराच्या विधवेला भरपाई कोणी द्यावयाची? व्यवहारी मनुष्य सहज म्हणेल, ज्याने उडविले त्याने द्यावी. फार तर ज्याच्या ताब्यात गाडी होती त्याने द्यावी. ज्याने गाडी विकून मोकळा श्वास घेतला, त्याचा येथे काय संबंध? हे उत्तर वरवर पाहता न्यायाचे वाटते. परंतु आजचा कायदा तसे म्हणत नाही. तो असे का म्हणत नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एकाच्या हातून घडलेल्या चुकीबद्दल दुसऱ्याने भरपाई द्यावी, ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. धनी आणि नोकर यांच्या नात्यातून ती निघाली. धन्याच्या कामावर असताना नोकराने हलगर्जीपणा केला आणि तिसऱ्याचे नुकसान झाले, तर ते धन्याने भरून द्यावे, असे इंग्लंडच्या न्यायालयांनी फार पूर्वी ठरविले. १८६२ सालचा लंडनमधील एका बसगाडीचा दावा या बाबतीत प्रसिद्ध आहे. घोड्यांच्या त्या बसगाडीच्या चालकाने प्रतिस्पर्धी कंपनीच्या गाडीची वाट अडविण्यासाठी आपली गाडी आडवी घातली आणि अपघात केला. कंपनीने आपल्या चालकांना असे करू नये म्हणून स्पष्ट ताकीद दिलेली होती. तरीही न्यायालयाने कंपनीलाच जबाबदार धरले. ताकीद दिली होती हे खरे, पण गाडी हाकण्याचे काम कंपनीचेच होते. ते काम वाईट रीतीने केले गेले, एवढाच त्याचा अर्थ, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हे तत्त्व आपल्याकडील न्यायालयांनीही स्वीकारले. मात्र त्याच्या मर्यादा दोन निवाड्यांतून चांगल्या दिसून येतात. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका टॅक्सीचा दावा आला. मालकाने गाडी टॅक्सी म्हणून फिरविण्यासाठी एकाच्या हवाली केली होती. त्याने ती गाडी धुणाऱ्या क्लीनरला परवान्याच्या चाचणीसाठी नेऊ दिली, आणि क्लीनरच्या हातून एका पादचाऱ्यास इजा झाली. क्लीनरने केलेले ते काम मालकाचे नव्हते, म्हणून मालक जबाबदार नाही, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत मात्र वेगळे पडले. दुसरा निवाडा नागपूरकडचा आहे. १९६० च्या डिसेंबरात एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीचा व्यवस्थापक कंपनीची मोटार घेऊन नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाला होता. त्याने बरोबर एका परिचिताला घेतले होते. मोटार रस्त्याकडेच्या झाडावर आदळली आणि तो परिचित मरण पावला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठी निघालेला होता, आणि रस्ता सोडून झाडावर गेलेली गाडी आपली कहाणी आपणच सांगते. तेव्हा निष्काळजीपणाचा वेगळा पुरावा मृताच्या विधवेकडे मागण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या दोन्ही दाव्यांत मालक कोण, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो चालविणाऱ्याचे मालकाशी नाते कोणते, याविषयी. परंतु मोटारींची संख्या वाढली, त्या हातोहात विकल्या जाऊ लागल्या, आणि मग मूळ प्रश्नच उभा राहिला की, मालक म्हणावयाचे तरी कोणाला?

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात या प्रश्नाचे पुरते उत्तर नव्हते. अज्ञान मुलाच्या ताब्यातील गाडीचा मालक त्याचा पालक समजावा, आणि भाडेखरेदीच्या करारावरील गाडीचा मालक ती ताब्यात असणारा समजावा, एवढेच त्यात सांगितले होते. बाकीच्यांसाठी १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याकडे पाहावे लागे. त्या कायद्याप्रमाणे करार झाला, वस्तू हवाली झाली, की मालकी बदलते. सरकारी नोंद बदलली की नाही, याला तेथे महत्त्व नाही. साहजिकच अपघातानंतर दाव्यात एक नवाच खटला सुरू होई. नोंदलेला मालक म्हणे, मी विकली. घेणारा म्हणे, मीही विकली. तिसरा म्हणे, मी पैसे पुरते दिलेच नव्हते. कागद जुन्या तारखांचे निघत, साक्षीदार उभे राहत, आणि ज्या बाईचा नवरा गेला तिला या साऱ्यांच्या व्यवहारांचा छडा लावीत बसावे लागे.

१९८८ साली नवा मोटार वाहन कायदा झाला आणि १ जुलै १९८९ पासून तो अमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमातील तिसाव्या व्याख्येने हा घोळ मुळापासून तोडला. ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो मालक, असे त्या व्याख्येचे सरळ सांगणे आहे. त्याला मोजकेच अपवाद केलेले आहेत. नोंदलेला मालक अज्ञान असेल तर त्याचा पालक हा मालक. आणि गाडी भाडेखरेदीच्या, भाडेपट्ट्याच्या किंवा तारणाच्या करारावर असेल तर त्या करारान्वये ज्याच्या ताब्यात ती आहे तो मालक. म्हणूनच बँकेच्या कर्जावर घेतलेल्या मोटारीच्या अपघातात बँक सापडत नाही. हप्ते फेडणाराच सापडतो.

शब्द इतके स्पष्ट असूनही वाद संपले नाहीत. विकलेल्या गाडीचा जुना मालक सुटावा की नाही, याविषयी निरनिराळी उच्च न्यायालये निरनिराळी मते देत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आणि पुन्हा २०११ साली नोंदलेल्या मालकाची जबाबदारी तिसऱ्या पक्षापुरती कायम राहते, असे सांगितले. अखेर ६ फेब्रुवारी २०१८ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या प्रश्नाचा सविस्तर निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. त्या प्रकरणातील मोटार २००७ पासून एकामागून एक अशी अनेक हातांत गेली होती, आणि २००९ च्या मे महिन्यात ती मागे घेत असता अपघात घडला. नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर होती. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदाराला जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि भरपाईचा बोजा नोंदलेल्या मालकावर ठेवला. ज्या व्यवहारांची परिवहन कार्यालयात नोंदच नाही, त्यांच्या साखळीचा पाठपुरावा करण्याचे ओझे अपघातग्रस्तावर टाकणे कायद्याच्या हेतूला धरून होणार नाही, हे या निर्णयाचे सार आहे.

मैलापूरच्या त्या कारकुनाला हा निर्णय कठोर वाटेल, आणि तो तसा आहेही. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहिले पाहिजे. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला गाडीविषयी एकच गोष्ट दिसू शकते, ती म्हणजे तिच्यावरील क्रमांक. चेन्नईच्या गाड्यांवर टीएन ०१, टीएन ०७, टीएन ०९ अशी अक्षरे असतात. मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर एमएच ०१, एमएच १२. त्या क्रमांकामागे सरकारी दप्तरात एक नाव असते. नोंदणीची ही सारी व्यवस्था एवढ्यासाठीच उभारलेली आहे की, क्रमांकावरून माणूस सापडावा. तेथे सापडलेला माणूस 'तो मी नव्हेच' असे म्हणून सुटू लागला, तर नोंदणीला अर्थ उरणार नाही. आणि विकणारा व घेणारा यांच्यात नाव बदलणे कोणाच्या हाती होते? त्या दोघांच्याच. सुताराच्या विधवेच्या हाती नव्हते. दोन निरपराध माणसांपैकी एकाला जेव्हा सोसावे लागणार असते, तेव्हा ज्याला ते टाळता आले असते त्याने सोसावे, हा न्याय जुनाच आहे.

हे सोसणे केवढे असते, याची कल्पना आकड्यांवाचून येणार नाही. मृत्यूच्या भरपाईचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ सालच्या निवाड्यांनी एका पद्धतीत बसविला आहे. आपल्या उदाहरणातील सुतार बत्तीस वर्षांचा होता, महिन्याला वीस हजार मिळवीत होता, आणि त्याच्या मागे पत्नी, दोन मुले व आई अशी चार माणसे आहेत, असे धरू. वर्षाची मिळकत २,४०,००० रुपये झाली. चाळिशीच्या आतील स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या मिळकतीत पुढील वाढीसाठी शेकडा चाळीस मिळवावयाचे असतात. म्हणजे ३,३६,००० झाले. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला, की २,५२,००० उरतात. एकतीस ते पस्तीस या वयासाठी गुणक सोळा आहे. गुणाकार केला म्हणजे ४०,३२,००० रुपये होतात. अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंबद्दलच्या रकमा आणि व्याज त्यावर वेगळे. पंधरा हजारांना विकलेल्या स्कूटरीने चाळीस लाखांचे देणे घरी आणले, ते एका न भरलेल्या अर्जामुळे. न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम दिली नाही, तर जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती वसूल करता येते. मालक मरण पावला तरीही देणे बुडत नाही. ते त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर बसते.

एवढे मोठे देणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे कायदा जाणतो. म्हणूनच मालकाच्या जबाबदारीबरोबर विम्याची सक्ती आली. इंग्लंडात ती १९३० च्या कायद्याने आली. आपल्याकडे १९३९ च्या कायद्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. या सक्तीच्या विम्याला व्यवहारात 'थर्ड पार्टी' म्हणतात. पहिला पक्ष विमा घेणारा, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा रस्त्यावरचा माणूस. हा विमा मालकाच्या गाडीसाठी नसतो, तर त्या तिसऱ्यासाठी असतो. गाडी विकली गेली तर विमाही तिच्याबरोबर नव्या मालकाकडे गेला असे कायदा समजतो, निदान तिसऱ्या पक्षाच्या बाबतीत तरी. याचा अर्थ असा की, विम्याची मुदत चालू असेपर्यंत जुन्या मालकाच्या डोक्यावर एक छत्र असते. खरे संकट येते ते मुदत संपल्यावर. विकलेल्या गाडीचा विमा नूतन झाला की नाही, हे पाहण्याचे कारण जुन्या मालकाला उरत नाही, आणि घेणाऱ्याला त्याची पर्वा नसते. नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा सक्तीचा विमा एकदमच घ्यावा लागतो, हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आला आहे. पण जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

विमा चालू आहे, तेव्हा आपण निश्चिंत, असेही मालकाने समजू नये. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली, किंवा विम्याच्या अशाच एखाद्या मूलभूत अटीचा भंग केला, तर कंपनीला हरकत घेता येते. अशा वेळी अपघातग्रस्ताला तिष्ठत ठेवू नये म्हणून न्यायालये कंपनीला रक्कम आधी भरावयास लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. २००४ सालच्या निवाड्याने ही रीत पक्की झाली. मात्र मालकाने परवाना पाहून, योग्य ती खबरदारी घेऊन गाडी दिली होती, असे दिसले तर त्याला दोष लागत नाही. मालकाची चूक कंपनीने सिद्ध करावयाची असते.

सरकारी बसगाड्यांची व्यवस्था याहून निराळी आहे. राज्य परिवहन उपक्रमांनी भरपाईसाठी स्वतंत्र निधी राखला, तर त्यांना विम्यातून सूट मिळू शकते. तेथे मालक म्हणजे महामंडळ, आणि देणे त्याच्याच तिजोरीतून जावयाचे. ते वेळेवर गेले नाही म्हणून न्यायालयाच्या हुकुमाने बसगाडीवर जप्ती आल्याचे प्रसंग तामिळनाडूत अनेकदा घडले आहेत. आपली बस अशी अडकून पडलेली पाहून प्रवाशांना आश्चर्य वाटते. पण त्या जप्तीच्या मागे कोठेतरी वर्षानुवर्षे वाट पाहणारे एखादे कुटुंब असते.

तामिळनाडूतील बसगाडीचाच एक दावा १९८० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रात्रीच्या वेळी एक खासगी बस रस्त्यावर लोंबणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेवर गेली. सव्वीस माणसांना अपाय झाला, त्यांपैकी आठ जागच्या जागी मरण पावली. फौजदारी खटल्यात, हा दैवी कोप होता, असे म्हणून चालक सुटला. भरपाईच्या दाव्यात मात्र निराळे सत्य मान्य झाले. प्रवासी ओरडून तार दाखवीत होते, तरी चालकाने गाडी पुढे दामटली होती. चालक फौजदारीतून सुटला म्हणून मालक भरपाईतून सुटत नाही, असे ठरवून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी न्यायाधिकरणांना बजावले की, येथे थोडी शंका, तेथे थोडी संदिग्धता, एवढ्यावरून चालकांना आणि मालकांना निसटू देऊ नये. फौजदारी न्यायालय गुन्हेगार शोधते, भरपाईचे न्यायाधिकरण नुकसानीचा भार वाटून देते. दोघांच्या पुराव्याची मापे वेगळी आहेत.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे दोषावाचून जबाबदारी. १९८२ च्या दुरुस्तीने प्रथम असे ठरले की, कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी १५,००० रुपये द्यावेत. त्या रकमा वाढत गेल्या. आजच्या कायद्याच्या १६४व्या कलमाप्रमाणे चूक कोणाची हे न विचारता मृत्यूसाठी पाच लाख आणि जबर दुखापतीसाठी अडीच लाख मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यावयाचे असतात. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जीपच्या प्रकरणात याचे तात्त्विक समर्थन केले. त्या जीपचे पुढचे चाक फुटले, ती उलटली, आणि वाटेने जाणारा मनुष्य मरण पावला. चालकाची चूक दिसत नव्हती. तरीही, आपल्या सोयीसाठी धोक्याची वस्तू जो समाजात आणतो त्याने तिच्या धोक्याची किंमतही द्यावी, या १८६८ च्या प्रसिद्ध इंग्रजी दाव्यातील तत्त्वावर मालक जबाबदार ठरला. जर्मनीने तर १९०९ सालीच मोटार बाळगणाऱ्यावर अशी जबाबदारी घातली होती.

नोंदलेला मालक कधीच सुटत नाही काय? सुटतो, पण क्वचित. निवडणुकीच्या कामासाठी सरकारने सक्तीने ताब्यात घेतलेल्या गाडीचा अपघात झाला, तेव्हा २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले. सरकारी हुकूम मोडण्याची मालकाची प्राज्ञा नव्हती, आणि गाडीवर त्याचा काडीचाही अधिकार उरला नव्हता. विकणाऱ्याला हा आधार घेता येत नाही. त्याने गाडी आपखुशीने दिलेली असते. त्याच्या हाती उरतो तो एवढाच मार्ग, की आधी स्वतः भरपाई द्यावी आणि मग विक्रीच्या करारावरून घेणाऱ्यावर वेगळा दिवाणी दावा लावावा. त्या दाव्यात मुद्रांकाचा कागद उपयोगी पडेल. तो दोघांमधला कागद आहे. तिसऱ्याविरुद्ध ती ढाल होत नाही.

भरपाईच्या या बाजूखेरीज कायद्याला दंडाची एक बाजू आहे. चालकाच्या गुन्ह्यासाठी मालकाला तुरुंगात जावे लागत नाही, हा सर्वसाधारण नियम. परंतु गाडी कोण चालवीत होता, हे पोलिसांनी विचारल्यास सांगणे मालकाला बंधनकारक आहे. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणे हा त्याचा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वांत कडक नियम घातला तो अज्ञान मुलांबद्दल. मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण सर्व खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो.

मग सामान्य माणसाने करावयाचे काय? कायद्याने मार्ग सांगितलेला आहे, आणि तो अवघड नाही. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत, परराज्यात विकली तर पंचेचाळीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. घेणाऱ्याला तीस दिवसांची मुदत आहे. त्यासाठी एकोणतीस आणि तीस क्रमांकांचे नमुने आहेत. चेन्नईची गाडी पुण्याला जावयाची असेल, तर अठ्ठावीस क्रमांकाच्या नमुन्यावर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची संमती लागते. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यावे. जुन्या गाड्यांच्या दलालांमार्फत होणाऱ्या विक्रीत विकणारा फार काळ टांगणीला लागत असे. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून असा नियम आला आहे की, अधिकृत विक्रेत्याच्या हवाली गाडी केल्याची सूचना परिवहन कार्यालयात नोंदली, की त्यानंतर तो विक्रेताच मालक समजला जातो. ही सूचना दिल्याची खात्री गाडी देतानाच करून घ्यावी.

यांत सर्वांत मोठी चूक म्हणजे कोऱ्या अर्जांवर सह्या करून घरी जाणे. नमुना दिला म्हणजे नोंद झाली असे नव्हे. नव्या नावाची नोंद झालेली आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून विकणाऱ्याने व्यवहार संपला असे समजू नये. आता ही नोंद घरबसल्या संगणकावर पाहता येते. नोंद होईपर्यंत गाडीचा विमा चालू ठेवण्यासाठी लागणारा पैसा हा वाया गेलेला पैसा नव्हे.

आणि ज्यांच्यावर अपघाताची पाळी आली आहे त्यांनीही एक गोष्ट ध्यानात धरावी. 'गाडी तर विकलेली होती' असे कोणी म्हटले म्हणून घाबरून मागे फिरू नये. गाडीच्या नोंदीवरचे नाव, चालकाचे नाव आणि विमा कंपनीचे नाव, ही तीन नावे अर्जात असली पाहिजेत. नव्या दुरुस्तीने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा दिरंगाई उपयोगाची नाही. चालक, मालक आणि कंपनी यांची जबाबदारी संयुक्त आणि पृथक्ही असते. तिघांपैकी ज्याच्याकडून रक्कम मिळेल त्याच्याकडून ती घ्यावी, वाटणी त्यांची ते करतील.

मैलापूरचा कारकून आणि सुताराची विधवा यांची त्या तांबड्या इमारतीच्या आवारात गाठ पडते तेव्हा दोघेही दुःखी असतात. कायदा दोघांचेही दुःख दूर करू शकत नाही; कोणाचे दुःख आधी पाहावयाचे एवढेच तो ठरवू शकतो. त्याने ते ठरविलेले आहे. परंतु त्या कारकुनाला तेथे यावेच लागू नये, अशी तजवीज करणे मात्र कायद्याच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या हातात होते. गाडी विकल्यानंतर चौदा दिवसांपर्यंत.